खाचेतलं बोट

बाप घरात चाकू करायचा. घडीचे, खिशात मावणारे. आम्ही लोहार नव्हतो. कुणब्याचं घर, नायगावला थोडी जमीन, ती चुलता कसायचा. बाप लग्नाआधी नांदेडला लॉऱ्या दुरुस्त करायच्या एका कारखान्यात कामाला होता, तिथं एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाच्या हाताखाली बसून हे काम शिकला. परत येताना लोखंड आवळून धरायचा एक शिकंजा, तीन कानशी आणि वाईट स्वभाव घेऊन आला, असं माय म्हणायची. चुलता म्हणायचा, स्वभाव जाताना बी हाच होता. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. पुढं बापानं पाटी काढून घेतली आणि हातात कानस दिली, त्यामुळं मी लिहितो ते असंच आहे, खडबडीत. नातवाच्या अर्ध्या राहिलेल्या वहीत लिहून राहिलो. गया, माझी बायको, गेली त्याला आता सात महिने झाले. तिच्याशी बोलायचं होतं ते ती असताना बोललो नाही, आणि आता लातूरच्या या घरात पंखा आणि मी.

आमचा सगळा माल भंगाराचा. पात्याला लॉरीच्या कमानीचा मोडका पाटा, नाहीतर लाकडाच्या वखारीतली तुटलेली करवत. मुठीला मेलेल्या बैलाचं शिंग. मुठीच्या आतले पत्रे फुटक्या स्टोव्हच्या पितळी टाकीतून कापायचे, आणि खिळ्याला सायकलच्या चाकाची तार. लोक जे उकिरड्यावर टाकतात ते बाप पोत्यात भरून आणायचा आणि अंगणात ओतायचा. मग मी, माय आणि माझी बहीण शेवंता, आम्ही ते निवडत बसायचो, ज्वारीतले खडे निवडावेत तसं. शेवंता माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिच्याकडं भाता. भाता म्हणजे शेळीच्या कातड्याची पिशवी आणि पुढं लोखंडी नळी. ती दोन्ही हातांनी दाबून दाबून तिच्या मनगटावर कायम काळा पट्टा असायचा. गावातल्या पोरी तिला "काळ्या बांगड्यावाली" म्हणायच्या. ती उलटून म्हणायची, "तुमच्या फुटतात, माझ्या फुटत न्हाईत."

घरात दिवसभर एकच आवाज, कानशीचा. तो दातांत जातो. पाहुणे आले की अर्ध्या तासात उठायचे, म्हणून आमच्याकडं पाहुणे कमी. लोखंडाचा कीस पायाला, अंथरुणाला, पाण्याच्या घागरीतसुद्धा. शिंग सरळ करायला ते तापवून दाबावं लागतं, आणि तापवलं की जळक्या केसांसारखा वास सुटतो. तो वास भाकरीला लागायचा, वरणाला लागायचा. अंबाडीच्या भाजीला मात्र लागत नसे, ती आंबट असते. म्हणून शिंगाच्या दिवशी माय अंबाडीच करायची, वर लसणाची फोडणी, आणि बाप ती भाजी पुढ्यात आली की म्हणायचा, "आज बी अंबाडीच का? तुझ्या बापानं काय अंबाडीचं रान लिहून दिलं का?" रोज तेच. माय हसायची नाही, रडायचीही नाही. ताट ठेवायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. परवा सुनेनं अंबाडी केली होती. तिच्यात मला शिंगाचा वास आला. सून म्हणाली, मामा, काही पण बोलता.

घडीच्या चाकूचं पातं कुणीही करील. कारागिरी असते ती मुठीच्या पाठीत बसवलेल्या पट्टीत. आम्ही तिला पाठपट्टी म्हणायचो. पातं उघडलं की ती पट्टी त्याला बुडातून दाबून धरते, मिटलं तरी दाबून धरते. तिच्या जोरावर माणूस चाकू वापरतो. पट्टी जोरकस असली तर चाकू उघडताना खट् असा आवाज येतो. बाप म्हणायचा, "चाकू बोलला पाह्यजे." तशी पट्टी करायची तर तुकडा लाल करून जवसाच्या तेलात विझवायचा, घासून उजळ करायचा, मग पुन्हा निखाऱ्यावर धरून रंग बघत बसायचं. आधी गव्हाळ रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा आला की झटकन उचलायचं. आधी उचललं तर पट्टी काचेसारखी तुटते, उशीर झाला तर मऊ पडते आणि चाकू काम करता करता आपोआप मिटतो. मिटतो म्हणजे बोटावरच मिटतो, कारण धारेकडच्या बाजूनंच माणसानं मूठ धरलेली असते.

म्हणून प्रत्येक चाकूची परीक्षा व्हायची. उस्तादाकडं रीत अशी होती, की चाकू उघडायचा, मुठीच्या ज्या खाचेत पातं मिटतं त्या खाचेत तुरीची एक काडी आडवी ठेवायची, आणि पात्याची पाठ लाकडावर तीनदा आपटायची. काडी शाबूत राहिली तर चाकू पास. बापानं काडी काढली आणि तिथं बोट ठेवलं. ज्यानं पट्टी बसवली त्याचं बोट. तो स्वतःच्या चाकूलाही स्वतःचं बोट ठेवायचा, हे मला लिहिलं पाहिजे, नाहीतर म्हाताऱ्यावर अन्याय होईल. पण त्याच्या पट्ट्या कधी हलल्या नाहीत.

एकदा तो उस्ताद आमच्याकडं आला होता. पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं. मायनं येसराची आमटी केली, तो दोन भाकरी जेवला आणि मायला म्हणाला, "बेटी, हाथ में स्वाद है." मग बापानं त्याला कौतुकानं परीक्षा दाखवली. माझंच बोट ठेवून. उस्ताद बघत राहिला. म्हणाला, "ये क्या कर रा तू? काडी रख. उंगली नक्को रख बच्चे की."

बाप हसला. "काडी कट गई तो कोई रोता नै, उस्ताद. फिर ध्यान कैसे रहना?"

उस्तादानं तोंडातलं पान थुंकलं, चप्पल घातली आणि उन्हातच निघून गेला. परत कधी आला नाही. पाचव्या दिवशी बापानं माझ्या पाठीत लाकूड घातलं, उस्तादापुढं बोट हललं म्हणून.

मार सगळ्यांचेच बाप द्यायचे. आमच्या बापाला त्याहून वेगळं सुचायचं. माझा एक चाकू वाकडा झाला होता, तर तो त्यानं सुतळीनं माझ्या गळ्यात बांधला आणि बिलोलीच्या बाजारात मला मालाशेजारी उभं केलं. दिवसभर. लोक विचारायचे, "काय हो, हा चाकू कसा दिला?" बाप म्हणायचा, "चाकू न्हाई विकायचा, पोरगा विकायचा हाय. चाकू वरून फुकट." लोक हसायचे. एक म्हातारी माझे दंड दाबून म्हणाली, "लई हडकुळं हाय गा, खाईल जास्त." बापही हसला, आणि येताना त्यानं मला सुशीला खायला घेतलं. कागदावर मुरमुरे, वर शेंगदाणे. गळ्यातला चाकू तसाच होता. मी खाल्लं. भूक होती.

आणि मला जे मिळायचं ते मी खाली द्यायचो, ते शेवंताला. मी काही गरीब गाय नव्हतो. धार लागली का बघायला मी तिच्या वेणीचं टोक कापायचो. ती रडली की म्हणायचो, बापाला सांग. ती सांगायची नाही, कारण सांगितलं तर दोघांनाही बसायचा. एकदा मी तिच्या बाहुलीची मुंडी कापली, चिंध्यांची बाहुली, पातं किती सरळ जातं ते बघायला. चांगलं सरळ गेलं.

माझ्या पट्ट्यांनी दोनदा दगा दिला. दोन्ही खुणा डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर अजून आहेत. त्यानंतर मी एक युक्ती काढली. बोट खाचेत ठेवायचं पण नख वर करून पात्याच्या बुडाशी टेकवायचं, म्हणजे पातं घसरायला लागलं तर नख त्याला तटवतं. वरून दिसत नाही. पाच-सहा चाकू मी तसे पास करून घेतले. ते चाकू कुणाच्या हातात गेले आणि कुणाच्या बोटावर मिटले, देव जाणे. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही.

मग देवणीच्या एका बैलांच्या व्यापाऱ्यानं बारा चाकू सांगितले, शिंगाच्या मुठीचे. बैलबाजाराच्या दिवशी दलालांना भेट द्यायला. बापाला आयुष्यात एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. त्यानं सहा केले, सहा मला सांगितले, आणि म्हणाला, "बारा म्हंजे बारा. एक कमी पडला तर तुला त्या यापाऱ्याच्या दावणीला बांधून येतो. शेण काढत बस जन्मभर." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर बोलण्याची रीत म्हणून सोडून दिलं असतं. बिलोलीच्या बाजारात उभा राहिलेला मी, मला ते खरं वाटलं.

पाच झाले. सहाव्याची पट्टी मी घाईनं जांभळी असतानाच उचलली आणि बसवताना तिचे दोन तुकडे झाले. करवतीचा तुकडा संपलेला. पाट्यातून नवी पट्टी काढायची तर कानशीचं एक दिवसाचं काम, आणि बाप संध्याकाळी परीक्षा घेणार, सकाळच्या गाडीनं देवणीला निघणार. आमच्या गावाबाहेर रुईच्या गाठी बांधायची एक गिरणी होती. गाठींवर लोखंडी पट्ट्या आवळतात, त्यांचे तुकडे तिथं पडलेले असायचे. ती पट्टी जात्याच निळी असते. दिसायला अगदी निखाऱ्यावर निळ्या केलेल्या पट्टीसारखी. पण तिच्यात जीव नसतो. नवी असते तोवर दहा वेळा खट् बोलते आणि मग बसते. हे मला ठाऊक होतं, कारण बापानं मला पहिल्याच महिन्यात ती पट्टी दाखवून सांगितलं होतं, "ही रंगाला फसवती. हिला हात लावायचा न्हाई."

मी तीच लावली. भट्टी पेटवायची गरजच पडली नाही. चाकू सुंदर झाला, बाकीच्या अकरापेक्षा सुंदर, कारण मुठीचं शिंग काळं-पांढरं होतं. उघडला, खट्. मिटला, खट्. मी तो घेऊन गोठ्यामागं गेलो, खाचेत तुरीची काडी ठेवली आणि पात्याची पाठ खुंट्यावर आपटली. एक, दोन, आणि तिसऱ्याला काडीचे दोन तुकडे झाले. मी ते पायानं शेणात दाबले. मनात म्हटलं, नख आहे की आपलं. नख तटवील.

ऊन उतरल्यावर बाप अंगणात निंबाचा ठोकळा घेऊन बसला. त्याचे सहा झाले, माझे पाच झाले. पाचव्याला त्यानं माझं मनगट धरलं आणि हात डोळ्याजवळ नेला. बराच वेळ नख बघत राहिला.

"बोट चोरून राहिलास का रे?"

मी बोट मिटून घ्यायला लागलो.

"कवापासून?"

"न्हाई दादा."

त्यानं माझा हात टाकून दिला. राग आला असं वाटलंच नाही, हसला उलट. "हुशार झालास की. लई हुशार. शेवंते, इकडं ये."

शेवंता जात्यापाशी पीठ गोळा करत होती. परकराला हात पुसत आली. बापानं बारावा चाकू उघडला. खट्. "बघ, कसा बोलतो," तो म्हणाला, आणि तिला म्हणाला, "बोट ठेव. उजवं. सरळ ठेव, आत. हिला चोरता येत न्हाई." माय दारात उभी होती, हातात पिठाचा डबा. ती म्हणाली, "पोरीचं कशाला?" बाप म्हणाला, "पोराचं मी बघितलं. तू गप बस."

शेवंतानं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी ठोकळ्याकडं बघत होतो. त्या ठोकळ्यावर आपटून आपटून एक चीर पडली होती, तिच्यात मुंग्या शिरत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, दादा, थांबा, पट्टी गाठीची हाय. पाच शब्द. मी ते तोंडात तयार केले होते.

पहिला टोला. पट्टीनं धरलं.

मी म्हटलं, धरलं, म्हणजे धरील. काडी तिसऱ्याला तुटली, पण मी खुंट्यावर जास्त जोरात आपटलं असंल. दुसरा टोला. धरलं. शेवंता अजून माझ्याकडंच बघत होती, हे मला न बघता कळत होतं. बापानं तिसऱ्यांदा हात उचलला. त्याचा हात वर होता तेवढा वेळ माझ्याकडं होता. तो वेळ फार होता. पुढं आयुष्यात मी मोठमोठ्यानं भांडलो, पंचायतीत भांडलो, बँकेत भांडलो, पण त्या वेळी ते पाच शब्द तोंडातच राहिले, कारण मला दावण दिसत होती आणि शेण दिसत होतं.

पातं मिटलं. तिला ओरडायलाही थोडा उशीर लागला. आधी तिनं बोटाकडं बघितलं, दुसऱ्याचं असावं तसं.

बापानं आधी पातं उघडून बोट सोडवलं, मग चाकू उन्हाकडं धरून पाठीतून बघितलं. बोटाकडं बघितलं नाही. म्हणाला, "गाठीची हाय."

मी म्हणालो, "दादा, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं चालंल."

तेव्हा बोललो ते हे. हेच वाक्य मी पुढं मायला म्हणालो, चुलत्याला म्हणालो. बापाला ते पटलं का नाही कळलं नाही. त्यानं मला हातही लावला नाही. तो म्हणाला, "बारावा पुन्हा कर. आत्ता." मी म्हटलं, भट्टी लागंल, भात्यावर कोण? तो शेवंताकडं बघून म्हणाला, "डावा हात हाय की." मायनं जखमेत हळद दाबली, चुलीवरची काजळी लावली, लुगड्याची चिंधी बांधली, आणि शेवंता त्याच चिंधीनिशी भात्यावर बसली. डाव्या हातानं आणि कोपरानं दाबत होती. चिंधी लाल होऊन गळत होती. मी निखाऱ्यावर पट्टी धरून रंग बघत होतो, गव्हाळ, तपकिरी, जांभळा, निळा. तेवढी चांगली पट्टी मी आधी कधी केली नव्हती. बापानं त्या पट्टीला स्वतःचं बोट ठेवलं, तीन टोले हाणले आणि म्हणाला, "आता आला तुला हात." बारा चाकू वेळेवर देवणीला गेले. व्यापारी खूष झाला, असं ऐकलं.

शेवंताचं बोट सरळच राहिलं. आतली शीर तुटली, ते मिटेना. दवाखान्यात कुणी नेलं नाही. मायनं घरोघर सांगितलं, गवत कापताना इळा लागला. आम्ही सगळ्यांनी तेच धरलं.

पोरगी बघायला येतात तेव्हा हात बघतात. बिलोलीकडचे आले, सुशीला खाल्लं, चहा प्याले, आणि त्यातली एक बाई म्हणाली, "पोरी, जरा मूठ वळून दाखव." शेवंतानं मूठ वळली. एक बोट बाहेर. बाई म्हणाली, "अगाई, हे कुणाला दाखवून राहिलं?" सगळे हसले, आमचा चुलतासुद्धा. ते गेले, तसेच आणखी दोन घरचे गेले. शेवटी देवणीकडचं एक घर तयार झालं. मुलाची पहिली बायको पळून गेली होती. का पळून गेली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची अट साटंलोटं, तुमची पोरगी आम्हाला, आमची तुम्हाला. त्यांच्या पोरीला मी बघितलं. उंच, सावळी, बोलायला फटकळ. मला आवडली. मी हाव म्हणालो. म्हणजे असं, की माझी बायको मला शेवंताच्या बोटामुळं मिळाली. बोट धड असतं तर शेवंता त्या माणसाच्या घरी गेली नसती आणि गया माझ्या घरी आली नसती. इतकी वर्षं मी त्या बाईच्या हातचं जेवलो आणि हे मला रोज ठाऊक होतं. तिनं विचारलं होतं, वन्संच्या बोटाला काय झालं? मी म्हणालो, इळा.

साट्यालोट्यात आणखी एक गोष्ट असते, जी लोक लिहीत नाहीत. तिकडं त्यानं आपल्या पोरीला मारलं की इकडं आपण त्यांच्या पोरीला मारायचं, म्हणजे तिकडं निरोप जातो. लग्नाच्या पहिल्या फाल्गुनात शेवंता आली तेव्हा तिचा डोळा काळा होता. माय मला म्हणाली, "बघतोस काय? त्यांची बी हाय ना आपल्या घरात?" मी गयाला मारलं. तिनं काही केलं नव्हतं, ती पाणी भरून आली होती. पुढच्या वर्षी आणखी एकदा मारलं. दोनदाच. दोनदाच लिहिताना मला वाटतं आहे की मी कमी करून सांगून राहिलो, पण दोनदाच. तिसऱ्यांदा मायनं सांगितलं तेव्हा मी गेलो नाही, बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. गया आतून म्हणाली, "आज सुट्टी का?" असं बोलायची ती. बाप मेला, माय मेली, चाकू बंद झाले, पोरगा लातूरला नोकरीला लागला, आम्ही त्याच्यामागं आलो. इथं ती शेजारणींशी भांडून भांडून सगळ्यांची मैत्रीण झाली. पौषात छातीत कळ आली आणि गेली. मला चहा देऊन गेली.

तेरवीला शेवंता आली. तिचा नवरा मरून बरीच वर्षं झाली. दुपारी पाहुणे निघून गेले, पोरगा भांडी परत करायला गेला, सून आत आडवी झाली. शेवंता उशिरा जेवायला बसली होती आणि मी तिच्यासमोर भिंतीला टेकून. ती वरण-भात कालवत होती. ते बोट कालवताना बाहेरच राहतं, तांदळाला लागत नाही. मला गयाशी बोलायचं ते आता जमणार नव्हतं. म्हटलं, निदान हिच्याशी.

"शेवंता, तो चाकू. मला ठाऊक होतं."

"हाव," ती म्हणाली आणि घास घेतला.

"हाव काय? मी आधी काडी ठेवून बघितली होती. तुटली होती काडी."

"गोठ्यामागं. मी गवऱ्या आणायला आले होते. बघितलं मी."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. "तुला ठाऊक होतं? मग बोट कामून ठेवलंस?"

तिनं घास गिळला. पाणी प्याली. तिला काही घाई नव्हती. "मला वाटलं तू बोलशील, भाऊ. पहिल्या टोल्याला वाटलं. दुसऱ्याला लई वाटलं."

आत सुनेचा मोबाइल वाजला आणि थांबला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "गयाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला मी इळाच सांगितला होता."

तेव्हा शेवंता हसली. दात नाहीत तिला वरचे. "वैनीला? वैनीला मी पहिल्याच दिवाळीला सांगितलं. मी माहेरी आले होते, तिला न्यायला कुणी आलं न्हाई त्या साली, दोघी घरातच होतो. सगळं सांगितलं. काडीचं बी."

दिवाळी आधी येते. मी गयाला मारलं तो फाल्गुन नंतर येतो. एवढा हिशेब मला चौथीच्या शिक्षणात येतो.

"काय म्हणाली?"

"तूर पाखडून राहिली होती. सूप खाली ठेवलं. म्हणली, त्याला कळू देऊ नका मला ठाऊक हाय म्हणून. मला याच घरात राहायचं हाय."

"अन्?"

"अन् काय. सूप उचललं." शेवंतानं ताट माझ्याकडं सरकवलं. "थोडं वरण वाढ. अळणी झालंय, पण वाढ."

मी पातेलं ओढून वाढायला लागलो. निम्मं वरण ताटाबाहेर फरशीवर गेलं. तिनं ते बघितलं, पदरानं फरशी पुसली आणि भात पुढं घेतला.